गोधडी आणि इस्त्री

अन्न, वस्त्र आणि निवारा या मनुष्याच्या तीन मूलभूत गरजा होत, हे आपण अगदी प्राथमिक इयत्तांपासून ऐकत आलो आहोत. या तिहींपैकी वस्त्राचा एक विशेष असा की, ते जुने झाले म्हणून निरुपयोगी ठरत नाही. नऊवारी लुगडे विरले की त्याच्या धड भागाचे परकर होतात, परकर फाटला की त्याचे बाळाचे दुपटे होते आणि दुपट्याचेही आयुष्य सरले की त्याचे पोतेरे होते. या उतरत्या क्रमात जुन्या वस्त्राला सन्मानाचा असा एकच मुक्काम मिळतो. तो म्हणजे गोधडी. माळव्यातील रात्र शीतल व सुखद म्हणून दूरवर वाखाणली गेली आहे. परंतु मार्गशीर्ष-पौषात आमच्या इंदुरात पारा दहा अंशांच्या खाली उतरू लागला म्हणजे हीच रात्र चांगली बोचरी होते आणि मग घरोघरीच्या पेट्यांतून गोधड्या बाहेर निघतात.

गोधडीचा टाका कसा घालावा, रंग कसे जुळवावेत, हे सांगणारी वडीलधारी मंडळी अजून घरोघरी आहेत. परंतु गोधडीसाठी कापडाला इस्त्री कशी करावी, हे सांगणारे फार थोडे. इस्त्री म्हणजे सुरकुत्या घालविणे, त्यात शिकण्यासारखे ते काय, अशीच सर्वसाधारण समजूत असते. या लेखात आम्ही त्याच दुर्लक्षित अंगाचा विचार करण्याचे योजिले आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : तुकड्यांच्या गोधडीचे माप जितके सुईच्या हाती असते, तितकेच ते इस्त्रीच्या हाती असते, आणि इस्त्री फिरविणे व इस्त्री ठेवणे या दोन अगदी भिन्न क्रिया आहेत. अखंड कापडावर इस्त्री फिरवावी. कापलेल्या तुकड्यावर ती ठेवावी आणि उचलावी. हे असे का, ते आता पाहू.

जुनी गोधडी इस्त्रीवाचून कशी साधत असे?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, आमच्या पणजीने कोठे इस्त्री हाती धरली होती? तिच्या गोधड्या तर आजही धड आहेत. हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याच्या उत्तरातच विषयाची गुरुकिल्ली आहे.

महाराष्ट्रात जिला कोठे गोधडी, कोठे वाकळ म्हणतात, ती मूलतः थरांची असते. जुनी लुगडी, धोतरे, चादरी एकावर एक अंथरावयाच्या, हाताने साफ करावयाच्या, कोपऱ्यांवर काही जड वस्तू ठेवावयाच्या आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत जावयाचे, अशी तिची रीत. तिच्यात कापड बहुधा अखंड असते. विरलेल्या जागी ठिगळ लावले तरी त्याचे माप चुकण्याचा प्रश्न येत नाही. कारण ते ठिगळ खालच्या अखंड कापडावर बसलेले असते. शिवाय ते लुगडे शेकडो वेळा धुतलेले, म्हणजे आटावयाचे तेवढे आटून मऊ झालेले असते. दाट धावदोरा हाच तेथे इस्त्रीचे काम करतो.

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूस, सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ नावाची गोधडी करतात. आफ्रिकेतून शतकांपूर्वी भारतात आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या कवंदीत ठिगळे काठापासून मध्याकडे लावीत जातात आणि प्रत्येक ठिगळाची कड शिवता शिवता बोटांनी आत दुमडली जाते. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची लहान त्रिकोणी फुले बसवितात. येथे बोट आणि नख हीच इस्त्री होय. कापडाची घडी बसविण्यास दाब लागतो, हे तत्त्व मात्र तेथेही आहेच.

गोधडीचा विचार करताना संत गाडगे महाराजांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अंगावर ठिगळे जोडलेले वस्त्र वागविल्यामुळे लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ असेही म्हणत. १९५६ साली ते निवर्तले. लोकांची वस्त्रे धुऊन नीटनेटकी करून देणाऱ्या घरातील पुरुषाने स्वतः चिंध्यांचे वस्त्र पत्करावे आणि हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडावीत, यात चिंधीला किती मोठा मान मिळाला, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

नव्या गोधडीचे गणित

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. सांप्रत शाळांच्या शिवणवर्गांतून व घरांतून जी गोधडी अधिक दिसते, ती तुकड्यांची असते. कापडाचे सारखे चौकोन कापावयाचे, ते एकमेकांस जोडून वरचा थर तयार करावयाचा, मग त्याखाली कापसाचा भर व अस्तर घालून तिन्ही थर एकत्र शिवावयाचे, अशी तिची कृती. पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, ही पद्धत फार वाढीस लागली. हिच्यात खाली आधाराला अखंड कापड नसते. तुकडाच तुकड्याला आधार. म्हणून एका तुकड्याची चूक शेजारच्याला भोवते.

उदाहरण घेऊ. आपणांस ४८ इंच रुंद व ६० इंच लांब गोधडी करावयाची आहे आणि शिवल्यानंतर प्रत्येक चौकोन ४ इंचांचा दिसावा अशी इच्छा आहे. शिवणीसाठी प्रत्येक बाजूस पाव इंच माया ठेवली पाहिजे. म्हणून चौकोन साडेचार इंचांचे कापावे लागतील. एका ओळीत १२ चौकोन आणि अशा १५ ओळी; म्हणजे एकूण १८० चौकोन. एका ओळीत ११ शिवणी, म्हणून १५ ओळींत १६५. आणि ओळी एकमेकींस जोडण्यास आणखी १४. एकूण शिवणी १७९ झाल्या. तुकडे १८० आणि शिवणी १७९, हा योगायोग नव्हे. प्रत्येक शिवण दोन भागांचा एक भाग करते, म्हणजे भागांची संख्या एकाने कमी होते. तेव्हा १८० भागांचा एक भाग होण्यास १७९ शिवणी लागणारच. म्हणजेच या गोधडीत इस्त्री निदान १७९ वेळा तरी ठेवावी लागेल.

आता चुकीचे गणित पाहा. आमचे सुतार व शिंपी इंचाच्या आठव्या भागास एक सूत म्हणतात. प्रत्येक चौकोनात केवळ अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची, वाढ झाली तर १२ चौकोनांच्या ओळीत पाऊण इंच वाढेल. शेजारच्या ओळीत शिवण नीट न दाबल्यामुळे प्रत्येक चौकोन तेवढाच आखूड झाला, तर ती ओळ पाऊण इंचाने कमी भरेल. दोन ओळींत फरक पडला दीड इंचाचा! ही दोन असमान टोके जुळविताना ओढाताण होते, चुण्या पडतात, मध्यभागी फुगवटा येतो. शिवणारा मग सुईला दोष देतो. परंतु दोष पुष्कळदा इस्त्रीचा असतो.

ताणा, बाणा आणि उरेब

इस्त्रीने कापड वाढते कसे? हे कळण्यास विणलेल्या कापडाची घडण पाहिली पाहिजे. मागावर लांबीच्या दिशेने जे धागे ताणून बांधलेले असतात, तो ताणा. त्यांत आडवा जाणारा धागा तो बाणा. काठ नेहमी ताण्याच्या दिशेस असतो. ताण्याच्या दिशेने कापड ओढून पाहा, ते जवळजवळ हलत नाही. बाण्याच्या दिशेने ते किंचित ताणते. परंतु कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, म्हणजे तिरपे ओढले की ते सहज लांबते. या तिरप्या दिशेस शिंपी ‘उरेब’ म्हणतात.

भूमितीच्या विद्यार्थ्यांना याचे कारण सहज उमगेल. ताण्याबाण्याची चौकट ही खिळ्यांनी सैल जोडलेल्या चार पट्ट्यांच्या चौकटीसारखी असते. ती तिरपी ओढली म्हणजे बाजू तेवढ्याच राहतात. पण चौरसाचा तिरका समभुज चौकोन होतो. एक कर्ण लांबतो, दुसरा आखूड होतो. समभुज चौकोनाच्या दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज एका बाजूच्या वर्गाच्या चौपट असते, हा सिद्धान्त आठवावा. ४ इंच बाजूच्या चौरसाचे दोन्ही कर्ण सुमारे ५.६६ इंचांचे असतात. इस्त्रीच्या ओढीने त्यांतील एक ६ इंचांचा झाला, तर दुसरा सुमारे ५.२९ इंचांवर येतो. बाजू मोजल्या तर त्या चारच इंच भरतील आणि तरीही तो तुकडा चौरस राहिलेला नसेल. म्हणून तुकडा तपासताना केवळ बाजू मोजू नयेत. गुण्या लावून कोन पाहावा, किंवा दोन्ही कर्ण मोजावेत.

ज्यांस प्रत्यक्ष प्रमाण हवे, त्यांनी घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली एक प्रयोग करावा. जुन्या सुती धोतराच्या ८ इंच लांब व २ इंच रुंद अशा दोन पट्ट्या कापाव्यात. एक काठाला समांतर, दुसरी तिरपी. दोन्ही ओलसर करून त्यांवरून गरम इस्त्री एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढावी आणि मग त्या फूटपट्टीने मोजाव्यात. पहिली पट्टी जवळजवळ होती तशी राहील. दुसरी लांब व अरुंद झालेली आढळेल. आता तशीच दुसरी तिरपी पट्टी घेऊन तिच्यावर इस्त्री न सरकविता ठेवावी व उचलावी. या तीन पट्ट्या वहीत चिकटवून ठेवल्या तर हा सर्व लेख त्यांत सामावेल.

उष्णता, पाणी आणि दाब

सुती कापडाची सुरकुती जाते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. कापसाचा तंतू सेल्युलोज नावाच्या द्रव्याच्या लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या हायड्रोजनच्या दुर्बळ बंधांनी एकमेकींस धरून राहतात. कापड चुरगळले म्हणजे त्या जागच्या साखळ्या सरकतात आणि नव्या वाकड्या जागी पुन्हा बंध जुळतात; तीच सुरकुती. पाणी तंतूत शिरले की ते या बंधांच्या मध्ये येऊन त्यांस सैल करते. उष्णतेने साखळ्यांची हालचाल वाढते. दाबाने तंतू सपाट होतो. आणि पाणी निघून गेल्यावर नव्या सरळ जागी बंध पुन्हा जुळतात. म्हणजे पाणी, उष्णता आणि दाब या तिघांनी मिळून हे काम होते. ओढण्याचे नाव या यादीत कोठेच नाही.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. पहिली, सुती कापड किंचित ओलसर असताना इस्त्री करावी. पाण्याची वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषून घेते. त्यामुळे कापडात ओल आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही आणि ते करपत नाही. धोका सुरू होतो तो कापड कोरडे झाल्यावर इस्त्री तेथेच रेंगाळली म्हणजे. दुसरी, इस्त्री उचलताच तुकडा उचलू नये. गरम व ओलसर तुकड्याचे बंध अजून पक्के झालेले नसतात. तो हाती लोंबकळताच वाकडा होतो. तो जागच्या जागी निवू द्यावा. घाईच्या हाताने जितके तुकडे बिघडतात, तितके गरम इस्त्रीनेही बिघडत नाहीत.

इस्त्रीचा थोडा इतिहास

अमेरिकेतील बॉस्टन येथील कलासंग्रहालयात बाराव्या शतकातील एक चिनी चित्रपट आहे. त्यात राजदरबारच्या स्त्रिया नव्याने विणलेले रेशीम तयार करीत आहेत. दोघी-तिघींनी रेशमाचा लांब पट्टा ताणून धरला आहे आणि एक स्त्री निखाऱ्यांनी भरलेले दांड्याचे पात्र त्यावर फिरवीत आहे. आमच्याकडेही निखारे घातलेला पितळी तांब्या कपड्यावरून फिरविण्याची, अथवा घडी घालून कपडे उशाखाली ठेवण्याची युक्ती होतीच. पुढे आली कोळशाची इस्त्री. ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला असून त्याचे मूळ ताणणे या अर्थाच्या ‘एस्तिरार’ या क्रियापदात असल्याचे मानले जाते. त्या चिनी स्त्रिया जे करीत आहेत, तेच या शब्दात आहे. अखंड कापड ताणून धरता येते. ताण्याच्या दिशेने त्यावर इस्त्री खुशाल फिरवावी. परंतु ताणण्याचा हा धर्म कापलेल्या तुकड्याला लावला की घात होतो.

विजेच्या इस्त्रीचे पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीली याने १८८२ साली मिळविले. १९०६ साली निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूच्या तारेचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यास मिळाले. ही तार लाल होईपर्यंत तापली तरी लवकर जळून जात नाही. म्हणून विजेची उपकरणे टिकाऊ झाली. पुढे इस्त्रीत उष्णता-नियंत्रक आला. त्यात दोन भिन्न धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. निवल्यावर ती सरळ होऊन पुन्हा जोडली जाते. इस्त्रीवरचा लहान दिवा मधूनमधून विझतो व लागतो तो यामुळे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कोळशाची इस्त्री पाच-सात किलो वजनाची. तिला केवळ ठेवले तरी दाब मिळतो. विजेची साधी इस्त्री एखाद्या किलोची. ती हलकी म्हणून हात आपोआप घासू लागतो. हलक्या इस्त्रीने काम करताना दाब आपल्या हाताने वरून खाली द्यावा, पुढेमागे नव्हे.

प्रत्यक्ष कृती

आता क्रमाने कृती सांगतो.

प्रथम कापड धुवावे. नव्या सुती कापडात खळ असते आणि गिरणीत तापलेल्या रुळांतून काढल्यामुळे त्याला एक चकाकी आलेली असते. शिवाय विणताना व पुढील प्रक्रियांत ते ताणलेले असते. पहिल्या धुण्यात तो ताण सुटून ते आटते. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आटणे काही नवलाचे नाही. नवे न धुतलेले व जुने धुतलेले कापड एका गोधडीत आले, तर पहिल्याच धुण्यात नवे आटते आणि जुन्यावर चुण्या पडतात. म्हणून धुणे आधी, कापणे नंतर. गडद लाल व निळे कापड वेगळे भिजवून त्याचा रंग जातो की काय, हेही तेव्हाच पाहावे.

कापड सावलीत वाळवून, थोडे दमट असतानाच काढावे आणि काठाला समांतर अशी इस्त्री फिरवावी. फिरविण्याची परवानगी फक्त येथे आहे. कापड फार मऊ असेल, किंवा तुकडे तिरपे कापावयाचे असतील, तर पातळ खळ द्यावी. तिने धागे एकमेकांस धरून राहतात व तुकडा ताठ राहतो. परंतु गोधडी पुरी झाल्यावर ती खळ धुऊन काढावी. खळीच्या वासावर झुरळे व कसर येतात.

इस्त्रीसाठी टेबल सपाट व घट्ट हवे. त्यावर जुन्या घोंगडीचा एक थर व वर स्वच्छ पांढरी सुती चादर ताणून बसवावी. गादीवर इस्त्री करू नये. मऊ बैठकीत तुकडा खोलगट होतो.

दोन तुकडे शिवल्यावर ते उघडण्यापूर्वी, शिवले तसेच ठेवून शिवणीवर एकदा इस्त्री ठेवावी. त्यामुळे दोरा कापडात बसतो आणि शिवणीची बारीक चुणी जाते. मग तुकडे उघडून, सुलट बाजू वर घेऊन, शिवण बोटाने सरळ करावी आणि तिच्यावर इस्त्री ठेवावी. मनात पाच अंक मोजावेत, उचलावी, पुढच्या जागी ठेवावी. शिवणीच्या रेषेत घडी राहून गेली तर तेवढे माप आत गडप होते. वर सांगितलेला अर्धा सूत बहुधा येथेच हरवतो.

माया कोणत्या बाजूस वळवावी? शक्यतो गडद तुकड्याच्या बाजूस; अन्यथा गडद कापडाची कड फिक्या कापडातून सावलीसारखी दिसते. माया दोन्हीकडे उघडून दाबण्याचीही रीत आहे. तीत शिवण सपाट बसते, परंतु मग सारा भार एकट्या दोऱ्यावर येतो आणि टाक्यांच्या फटींतून आतला कापूस डोकावतो. हाताने शिवलेल्या गोधडीस माया एका बाजूस वळविणेच बरे. ओळी जोडताना विषम ओळींतील माया उजवीकडे व सम ओळींतील डावीकडे वळवावी. मग चार कोपरे भेटतात तेथे दोन माया एकमेकींच्या कुशीत बसतात, गाठ जाड होत नाही आणि चारही टोके एका बिंदूत जुळतात. गडद बाजूचा नियम व हा नियम यांत विरोध आला तर जाडी टाळणारा हा दुसरा नियम पाळावा.

वरचा थर पुरा झाल्यावर त्यास उलट व सुलट बाजूंनी शेवटची इस्त्री करावी. भर घातल्यानंतर ती करता येत नाही. गोधडीवर इस्त्री केली तर भर चपटा होतो, त्यात कोंडलेली हवा निघून जाते. आणि ऊब तर त्या हवेचीच असते. भर कृत्रिम धाग्याचा असल्यास तो गरमीने वितळून गोळाही होईल.

कोणत्या कापडास किती उष्णता?

कपड्यांच्या चिठ्ठीवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे तळाचे तापमान फार तर ११० अंश सेल्सियस, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. नायलॉनसारख्या धाग्यांस पहिले, रेशीम व लोकर यांस दुसरे, सुती व तागी कापडास तिसरे. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांजवळ वितळत असले तरी त्याच्या बरेच आधी ते मऊ पडते व चकाकते. म्हणून त्यास दोन ठिपक्यांच्या वर नेऊ नये.

जुन्या कापडास चिठ्ठी कोठून असणार? अशा वेळी त्यातील एक धागा काढून, मोठ्या माणसाच्या हाताने, ताटलीत जाळून पाहावा. कागद जळल्यासारखा वास व मऊ राख आली तर ते सुती. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम वा लोकर. धागा वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम.

आमच्या घरांत महेश्वरी लुगडी असतात, त्यांची गोष्ट निराळी. इंदुरापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, नर्मदातीरी वसलेले महेश्वर ही अहिल्याबाई होळकरांची राजधानी. १७६७ ते १७९५ या त्यांच्या राज्यकाळात तेथे विणकरांस आश्रय मिळाला. पुष्कळशा महेश्वरी लुगड्यांत ताणा रेशमाचा व बाणा सुताचा असतो. बाणा तीन ठिपक्यांची उष्णता सोसतो, ताणा दोनचीच. अशा वेळी सोसणाऱ्याकडे न पाहता न सोसणाऱ्याकडे पाहावे. दोन ठिपक्यांवर, उलट बाजूने, मध्ये कोरडी मलमल घालून इस्त्री ठेवावी. पाणी शिंपडू नये. रेशमावर पाण्याचे डाग उमटतात. आणि कोणत्याही कापडाच्या बाबतीत, आधी एका कोपऱ्यावर अथवा चिंधीवर इस्त्री लावून पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये.

सुरक्षेच्या दोन गोष्टी अशा. विजेची इस्त्री तीन पिनांच्या जोडणीवरच चालवावी, ओल्या हाताने धरू नये आणि वाफेसाठी पाणी भरताना वीज बंद ठेवावी. कोळशाची इस्त्री बंद खोलीत वापरू नये. अर्धवट जळलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्यास रंग नाही व वासही नाही.

समारोप

इंदूर हे एके काळी कापडगिरण्यांचे गाव होते. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. इतरही गिरण्यांचे भोंगे थांबले. त्या काळातले मांजरपाट, चादरी, लुगडी अजून कोणाकोणाच्या पेटीच्या तळाशी असतील. ते कापड आता विकत मिळणार नाही. आजीचे लुगडे एकदाच कापता येते, आणि करपलेला डाग कोणत्याही साबणाने निघत नाही. बाजारातून आणलेले कापड बिघडले तर दुसरे आणता येते. या कापडाची भरपाई नाही. म्हणूनच पाव इंचाची माया, अर्ध्या सुताचा हिशेब आणि पाच अंक मोजण्याचा संयम यांना आम्ही इतके महत्त्व देत आहोत.

शेवटी विद्यार्थ्यांस एक सुचवितो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी, झाडाखाली हातगाडी लावून इस्त्री करणारे परीट काका असतात. त्यांच्याशेजारी अर्धा तास उभे राहावे. ते पाणी केव्हा शिंपडतात, रेशमी कपडा आला की इस्त्री कशी निववितात, सदऱ्याची कॉलर घासतात की दाबतात, हे नीट पाहावे आणि विनयाने विचारावे. हा लेख वाचून जे कळले नसेल, ते त्यांच्या हाताकडे पाहून कळेल. मग घरी येऊन, आईची किंवा आजीची अनुमती घेऊन, पेटीतले एखादे जुने कापड काढावे; आधी धुवावे, ताण्याच्या दिशेने इस्त्री फिरवावी, मोजून कापावे, आणि त्यानंतर फिरविणे सोडून इस्त्री फक्त ठेवीत जावे. येत्या पौषापर्यंत एक गोधडी सहज पुरी होईल.